नाव पक्के, तर माल पक्का

तालुक्याच्या बाजारपेठेतील एका जुन्या काष्ठौषधी दुकानात आम्ही बसलो होतो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक तुरळक. एक तरुण घाईघाईने आला आणि म्हणाला, "चाचा, दायीने बोळ आणायला सांगितलाय. दहा रुपयांचा द्या." गल्ल्यावर नवीन ठेवलेला पोरगा उठला, वरच्या फळीवरची बरणी काढली आणि पुडी बांधू लागला. दुकानाचे मालक आतल्या बाजूला हिशेब लिहीत होते. त्यांनी मान वर केली आणि विचारले, "बेटा, कुणासाठी पाहिजे?" तरुण लाजत म्हणाला, "घरी बाळंतीण आहे." मालक ताडकन उठले, पोराच्या हातातली पुडी काढून घेतली आणि खालच्या फळीवरची दुसरी बरणी उघडली. पोराने काढला होता तो काळा बोळ. दायीने सांगितला होता तो हिराबोळ.

दोन्ही वस्तूंच्या नावात बोळ आहे, दोन्ही चवीला कडू आहेत, दोन्हींचे खडे काळसर-तपकिरी दिसतात. पण काळा बोळ म्हणजे कोरफडीच्या पानाचा पिवळा चीक आटवून केलेला घट्ट खडा. त्यालाच हिंदीत एलवा आणि हकिमांच्या भाषेत सिब्र किंवा मुसब्बर म्हणतात. तो जोरदार रेचक आहे. हिराबोळ हा सोमालिया, इथिओपिया आणि अरबस्तानच्या दक्षिण भागातील एका काटेरी झाडाचा डिंक. त्याला युनानीत मुर्र म्हणतात, आणि आपल्याकडच्या जुन्या बाया त्यालाच बाळंतबोळ म्हणतात. बाळंतिणीला बोळ द्यावा की न द्यावा, हा वैद्य-हकिमांचा आणि डॉक्टरांचा प्रश्न आहे, तो आम्ही येथे सोडवीत नाही. पण एका मातेला हिराबोळाऐवजी रेचक गेला असता, आणि आईचे दूध पिणाऱ्या बाळालाही त्याचा त्रास झाला असता, एवढे मात्र खरे. मालक जागेवर होते म्हणून निभावले. ते नमाजला गेले असते तर?

हा प्रसंग आमच्या मनातून जात नाही. पोराने चोरी केली नव्हती, भेसळ केली नव्हती. त्याला जे नाव सांगितले गेले, त्या नावाची बरणी त्याने काढली. चूक नावात होती. आणि नावाची चूक ही आपल्या व्यापारातील सर्वांत स्वस्त समजली जाणारी, पण सर्वांत महाग पडणारी चूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपली आडनावे काय सांगतात?

वाचकहो, जरा आपल्या समाजातील आडनावांकडे पाहा. अत्तार म्हणजे सुगंधी द्रव्ये आणि औषधी विकणारा. बागवान म्हणजे बागेची निगा राखणारा, फळे-भाजीचा व्यापारी. तांबोळी म्हणजे पानांचा व्यापारी. रंगरेज म्हणजे कपडा रंगविणारा, ज्याचे सारे दुकान पूर्वी नीळ, मंजिष्ठ आणि करडईच्या फुलांवर चालत असे. पिंजारी कापूस पिंजणारा. आपल्या कितीतरी घराण्यांची ओळखच झाडापाल्यावर उभी आहे. वाडवडिलांनी वनस्पती ओळखल्या, त्यांची प्रत ठरवली, त्यांना नावे दिली, आणि त्या ज्ञानावर पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटली.

यांतला तांबोळी आजही कसा वागतो ते पाहावे. तो आपल्या मालाला कधी नुसते पान म्हणत नाही. कपुरी वेगळे, मघई वेगळे, कलकत्ता वेगळे, बनारसी वेगळे. मिरज तालुक्यातल्या पानमळ्यांतून माल उचलणारा व्यापारी कोणत्या मळ्याचे, कोणत्या खुड्याचे पान आहे हे हाताने चाचपून सांगतो. नाव बदलले की भाव बदलतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. बागवानही पेटी उघडल्याबरोबर हापूस, पायरी, केशर, लंगडा हे वासावरून सांगतो. मग हीच काटेकोर नजर काष्ठौषधी, मसाले, मेंदी आणि धुपाच्या दुकानात का हरवली? तेथे माल वाळलेला, कुटलेला, पोत्यात भरलेला येतो आणि पोत्यावर घाऊक व्यापाऱ्याने जे नाव लिहिले असेल तेच आपण पुढे चालवतो. वडिलांनी मालाचा वास घेतला, आजोबांनी दाताखाली धरून पाहिला. आपण फक्त चिठ्ठी वाचतो.

एक नाव, अनेक वस्तू

उदाहरणे दूरची नकोत. रोजच्या गिऱ्हाइकीतलीच घेऊ.

उदाचे पाहा. अरबीत ऊद म्हणजे लाकूड, आणि अत्तराच्या व्यापारात ऊद म्हणजे अगरचे सुगंधी लाकूड व त्याचे तेल. आसाम आणि ईशान्येकडील अगरच्या झाडाला विशिष्ट बुरशीची लागण झाली की त्याच्या गाभ्यात काळसर, राळयुक्त, अत्यंत मोलाचे लाकूड तयार होते. आपली उदबत्ती याच शब्दावरून आली. पण महाराष्ट्रातल्या दुकानात "ऊद द्या" म्हटले की बरणीतून निघतो तो बहुधा सुमात्रा बेटाकडून येणाऱ्या झाडाचा डिंक, ज्याला आपण लोबानही म्हणतो. एका ऊदाचा तोळा आणि दुसऱ्या ऊदाचा किलो यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नवखा गिऱ्हाईक येथे फसतो आणि नवखा दुकानदारही.

लोबान या नावाची कथा याहून मजेदार आहे. अरबीत लुबान म्हणजे अरबस्तानच्या दक्षिणेकडील धुपाच्या झाडाचा पांढरट डिंक. पुढे अरब व्यापाऱ्यांना पूर्वेकडील बेटांवर दुसरा सुगंधी डिंक सापडला, त्याला त्यांनी लुबान जावी, म्हणजे जावाचा लोबान म्हटले. हळूहळू नवा माल स्वस्त आणि मुबलक झाला आणि लोबान हे नाव आपल्या बाजारात त्यालाच चिकटले. युरोपीय व्यापाऱ्यांनी लुबान जावीचे बेंझोइन केले, आणि त्यावरून बेंझीन या रसायनाचे नाव पडले. मूळ लोबानाला आपल्याकडे कुंदर म्हणू लागले. आता कुंदर या नावानेही बहुतेक ठिकाणी विकला जातो तो आपल्याच सातपुड्यात, मेळघाटात होणाऱ्या सालईचा डिंक. म्हणजे एक नाव तीन देशांच्या तीन झाडांवरून फिरून आले. यात कुणाची बेइमानी नाही. पण आज जो दुकानदार या तिघांना एकाच चिठ्ठीखाली ठेवतो, तो आपल्या मालाची किंमत स्वतःच पाडतो.

दालचिनीकडे वळू. दार चिनी हे फारसी नाव, अर्थ चीनचे लाकूड. खरी दालचिनी श्रीलंकेची आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याची. तिची साल कागदासारखी पातळ, एकात एक अनेक पदर गुंडाळलेली, बोटाने मोडता येते, वास गोडसर. बाजारात दालचिनी म्हणून जे जाड, टणक, एकेरी वळणाचे तुकडे मिळतात ते बहुतेक तज असतात, म्हणजे चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडची दुसरी जात. ती स्वस्त आहे, तिखट आहे, बिर्याणीत चालते, त्याबद्दल तक्रार नाही. पण तजेत कुमारिन नावाचा घटक बराच असतो आणि खऱ्या दालचिनीत तो नाममात्र असतो. कुमारिन रोज जास्त प्रमाणात पोटात गेले तर काही माणसांच्या यकृताला अपाय होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा तज्ज्ञांनी त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम इतकीच ठेवली आहे. चिमूटभर मसाल्याने काही बिघडत नाही. पण आजकाल मधुमेहाचे कितीतरी रोगी कुणाच्या तरी सांगण्यावरून चमचा-चमचा दालचिनीची पूड रोज घेतात. त्यांना दालचिनीच्या नावाने तज देणे म्हणजे काय, याचा विचार करा. आपल्या अन्न कायद्यातही दालचिनी आणि तज यांची मानके वेगवेगळी आहेत. तज विकणे गुन्हा नाही, तज दालचिनी म्हणून विकणे चुकीचे आहे.

चक्रफुलाचे उदाहरण तर अधिक गंभीर. आपण मसाल्यात वापरतो ते चक्रफूल दक्षिण चीन आणि व्हिएतनामचे. त्याचा जपानी भाऊबंद दिसायला तसाच, आकाराने थोडा लहान, पाकळ्या वेड्यावाकड्या, टोकाला आकडा, आणि तो विषारी आहे. पूड केल्यावर दोहोंत डोळ्यांनी फरक करता येत नाही. चक्रफुलाच्या चहाने लहान मुलांना झटके आल्याच्या घटनांनंतर २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने लोकांना असा चहा न पिण्याचा इशारा दिला होता. म्हणून चक्रफूल नेहमी अख्खे घ्यावे, पूड घेऊ नये.

आणि नावाशिवाय मिसळलेल्या बीने काय होते ते १९९८ साली दिल्लीने पाहिले. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले, हजारो लोक जलोदरासारख्या सुजेने आजारी पडले आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. ते बी मोहरीसारखेच काळे आणि बारीक दिसते. घाणीवाल्याच्या नजरेतून सुटले किंवा त्याने सोडले, परिणाम एकच.

नावे जपण्याचे काम कुणी केले?

काही वाचक म्हणतील, ही शास्त्रीय नावे आणि लॅटिन शब्द आपल्याला कशाला? तो कॉलेजातल्या प्राध्यापकांचा विषय आहे. आमचे म्हणणे उलटे आहे. हे काम मुळात बाजारात, दवाखान्यात आणि अत्ताराच्या गादीवर सुरू झाले.

अल-बिरुनी याने सुमारे हजार वर्षांपूर्वी औषधी द्रव्यांवरील आपल्या ग्रंथात एकेका वस्तूची अरबी, फारसी, ग्रीक, सुर्यानी आणि हिंदुस्थानी नावे शेजारी शेजारी दिली. स्पेनमध्ये जन्मलेला आणि १२४८ मध्ये दमास्कस येथे वारलेला इब्न अल-बैतार याने सुमारे चौदाशे द्रव्यांची सूची केली आणि त्यासाठी तो स्वतः मोरोक्कोपासून शामपर्यंत झाडे पाहत फिरला. सोळाव्या शतकात गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच आपला ग्रंथ छापला. अहमदनगरच्या बुरहान निजामशाहाकडे त्याची वैद्य म्हणून ये-जा होती आणि तेथील हकिमांशी तो द्रव्यांच्या नावांवर वाद घालीत असे. पुढे १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली आणि तीच आज जगभर चालते.

या लॅटिन नावांकडे जरा कान देऊन पाहा. हळदीचे शास्त्रीय नाव कर्कुमा, ते अरबी कुर्कुमवरून आले, आणि कुर्कुम हे नाव आधी केशराचे होते. चिंचेचे टॅमरिंडस इंडिका, अरबी तमर हिंदी म्हणजे हिंदुस्थानी खजूर, जरी चिंच मुळची आफ्रिकेची. सोनामुखीचे सेन्ना, अरबी सना. कडुनिंबाचे ॲझाडिरॅक्टा, फारसी आझाद दरख्त. हे शब्द परके कसे? आपल्याच व्यापारी भाषेतून गेले, कोट-टाय घालून परत आले, एवढेच.

नाव हा पैसा आहे

नावाला नुसती विद्वत्तेची किंमत नाही, रोकडा किंमत आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून काढण्याच्या उपयोगाचे पेटंट मिळाले. आपल्या आजीने चुलीपुढे केलेला उपाय परदेशी कागदावर नवीन शोध ठरला. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि लेख मिळून ३२ पुरावे पुढे ठेवले, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. कडुनिंबाचेही असेच. युरोपातील त्याचे बुरशीनाशक पेटंट २००० साली रद्द झाले आणि २००५ साली अपिलातही ते रद्दच राहिले. या अनुभवातून २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभा राहिला. त्यात आयुर्वेद, सिद्ध यांच्याबरोबर युनानीचे अरबी, फारसी आणि उर्दू ग्रंथही घेतले गेले. ज्या किताबा आपल्याकडच्या हकीमखान्यांच्या कपाटांत कसर खात पडल्या होत्या, त्यांची पाने जगाच्या पेटंट कार्यालयांत साक्षीला उभी राहिली. लिहिलेले होते म्हणून उपयोगी पडले. जे फक्त तोंडी होते, ते कुणी ऐकले नाही.

दुसरी गोष्ट भौगोलिक मानांकनाची. १९९९ चा कायदा २००३ पासून लागू झाला. महाराष्ट्रातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये, तर काश्मीरच्या केशराला २०२० मध्ये हे मानांकन मिळाले. हापूसचे मानांकन पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांपुरते आहे. आता कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणे ही हंगामातली जुनी सवय. या सवयीने कोकणातल्या बागायतदाराचे नुकसान होते, त्यात आपलेही कितीतरी कोकणी बांधव आहेत, आणि ज्या बागवानाने अस्सल माल महाग घेतला त्याचेही नुकसान होते. कर्नाटकचा आंबा वाईट नाही. तो त्याच्या नावाने विकावा, त्यालाही गिऱ्हाईक आहे.

मेंदीवाल्यांना दोन शब्द

आपल्या बहिणी आणि लेकींपैकी कितीजणी आज मेंदी काढून घर चालवतात. हा हुनर आहे आणि तो इज्जतीचा आहे. म्हणूनच त्यांना सांगावेसे वाटते. मेंदीच्या पानात जो रंग असतो तो आधी नारिंगी येतो, एक-दोन दिवसांत गडद तांबूस-तपकिरी होतो. तासाभरात काळाकुट्ट रंग देणारी मेंदी नसते. काळी मेंदी म्हणून जो कोन विकला जातो त्यात बहुधा केसांच्या कलपात वापरले जाणारे रसायन असते. ते कातडीला लागले तर काहींना फोड येतात, डाग राहतात आणि पुढे जन्मभर त्या रसायनाची ॲलर्जी होऊ शकते. ईदच्या चांदरातीला किंवा लग्नाच्या आदल्या दिवशी एका नवरीचा हात भाजला, तर मेंदी काढणाऱ्या मुलीची वर्षांची कमाई आणि नाव दोन्ही जाते. कोन बनवणारा कुठे असतो, ठाऊक नसते. म्हणून राजस्थानच्या सोजतचे असो वा आणखी कुठले, पान किंवा पूड स्वतः घ्यावी, स्वतः भिजवावी, आणि कोनावर मेंदी लिहायची तर आत मेंदीच असावी.

लागवडीचा प्रश्न

नाव जपायचे तर झाड टिकले पाहिजे. रानातून ओरबाडून आणण्याचे दिवस संपत आले आहेत. अगरच्या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९५ पासून परवान्याच्या चौकटीत आहे. हिमालयातील कूठ, ज्याला मराठीत कोष्ठ आणि युनानीत कुस्त म्हणतात, तो तर सर्वांत कडक यादीत आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्यातही त्याचे नाव आहे. त्यामुळे लागवडीचा माल असेल तर त्याचे कागद हवेत. गुग्गुळाचे झाडही गुजरात-राजस्थानात चीक काढण्याच्या अघोरी पद्धतीने मरत चालले आहे. ज्याने कागद न पाहता माल घेतला, त्याला एखाद्या दिवशी अधिकाऱ्यापुढे "मला नाव माहीत नव्हते" असे सांगावे लागेल, आणि ते ऐकले जाणार नाही.

लागवडीत संधी आहे, पण डोळे उघडे ठेवून. २००० सालच्या आसपास सफेद मुसळीचे पेव फुटले होते. बियाणे महाग विकणारे पुष्कळ होते, माल परत घेणारे थोडे निघाले, आणि महाराष्ट्रातले कितीतरी शेतकरी कर्जात बसले. धडा साधा आहे: आधी गिऱ्हाईक ठरवा, मग बियाणे घ्या. याउलट कोकणात नारळी-पोफळीच्या बागेत आंतरपीक म्हणून खरी दालचिनी, जायफळ, मिरी लावणे हा आजमावलेला मार्ग आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दालचिनीची कोकण तेज ही जात दिली आहे. नावात तेज आहे, तज नव्हे, हे ध्यानात ठेवावे. ज्या कुटुंबांचे मुलगे आखातात आहेत आणि गावाकडची बाग पडून आहे, त्यांनी याचा विचार जरूर करावा. मुंबई-पुण्याच्या आपल्या मसालेवाल्यांनी अशा बागेतला माल नावानिशी, गावानिशी उचलला, तर पैसा कोलंबोला जाण्याऐवजी चिपळूण-दापोलीला जाईल.

आक्षेप आणि उत्तर

"गिऱ्हाईक स्वस्त मागते, आम्ही काय करणार?" हा आक्षेप आम्हांला दर दुकानात ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. मोठ्या दुकानांशी, आकर्षक पाकिटांशी स्पर्धा आहे. उधारी आहे, भाडे आहे. पण विचार करा, पाकिटवाल्याकडे नसलेली कोणती गोष्ट आपल्याकडे आहे? जाहिरात त्याच्याकडे जास्त, सवलत त्याच्याकडे जास्त. आपल्याकडे आहे ती विचारणारी जीभ आणि ओळखणारी नजर. "कुणासाठी पाहिजे, बेटा?" हा प्रश्न पाकीट विचारीत नाही. ती नजरही आपण गमावली, तर आपल्या दुकानात यायला गिऱ्हाइकाला कारणच उरणार नाही. स्वस्त मागणाऱ्याला तज द्या, पण तज सांगून द्या. दोन भाव, दोन नावे, दोन बरण्या. दहातले सात तज घेतील. उरलेले तीन आयुष्यभर तुमचेच राहतील.

"आम्ही शिकलेलो नाही, ही नावे कशी लिहिणार?" याचे उत्तर सोपे आहे. घरातली मुले-मुली शिकलेली आहेत. विज्ञान शाखेला जाणाऱ्या मुलीला सुट्टीत दुकानाची वही लिहायला बसवा. तिचे शिक्षण कामी येईल आणि आजोबांचे ज्ञान कागदावर उतरेल.

काय करता येईल?

आमच्या सूचना थोड्या आणि बिनखर्चाच्या आहेत.

पहिली, प्रत्येक दुकानात नावांची एक वही असावी. प्रत्येक मालासमोर पाच रकाने: गावातले नाव, हिंदी-उर्दू किंवा युनानी नाव, शास्त्रीय नाव, झाडाचा कोणता भाग, आणि माल कुठून आला. मूळ, साल, पान, फूल, बी, डिंक यांतले काय, हे लिहिले तरी अर्ध्या चुका टळतात.

दुसरी, घाऊक व्यापाऱ्याकडून बिलावर पूर्ण नाव लिहून घ्यावे. नुसते "बोळ" किंवा "ऊद" चालणार नाही. जो लिहून देत नाही, त्याच्या मनात काहीतरी आहे.

तिसरी, प्रत्येक मालाचा एक चांगला, खात्रीचा नमुना काचेच्या लहान बाटलीत तारीख घालून ठेवावा आणि नवीन पोते आले की त्याच्याशी ताडून पाहावे. केशर पाण्यात टाकले तर खरा तंतू हळूहळू रंग सोडतो आणि स्वतः लालच राहतो. रंगवलेली करडईची पाकळी भसकन रंग सोडून फिकी पडते. एक किलो केशराला सुमारे दीड लाख फुले लागतात, तेव्हा स्वस्त केशर या शब्दाचाच संशय घ्यावा.

चौथी, सारख्या नावाचे माल शेजारच्या फळीवर कधीही ठेवू नयेत, आणि नवीन पोराला गल्ल्यावर बसवण्याआधी आठ दिवस फक्त बरण्या ओळखायला लावाव्यात.

पाचवी, एका पेठेतल्या दहा-बारा दुकानदारांनी मिळून वर्षातून एकदा जवळच्या युनानी किंवा आयुर्वेद महाविद्यालयातल्या द्रव्यांच्या जाणकाराला बोलवावे आणि आपापले नमुने पुढे ठेवावेत. ज्याच्या नमुन्यात चूक निघेल त्याने लाजू नये. चूक आपल्यात निघणे बरे, बाळंतिणीच्या घरात नको.

त्या दिवशीच्या दुकानात आम्ही नुकतेच परत गेलो होतो. दोन्ही बरण्या आता दोन वेगळ्या भिंतींवर आहेत. एकीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: हिराबोळ, मुर्र, डिंक. दुसरीवर: काळा बोळ, मुसब्बर, कोरफडीचा चीक, विचारल्याशिवाय देऊ नये. अक्षर त्याच पोराचे आहे. आम्ही त्याच्याकडे पाव किलो धूप मागितला, तर त्याने पुडी बांधायच्या आधी विचारले, "सालईचा की लोबान?" मालक आतून हसले. आम्हांला वाटते, आपल्या प्रत्येक दुकानात हा एक प्रश्न विचारला जाऊ लागला, तर पुष्कळ काम झाले.